हत्तीच्या शेपटीखालची पाचर

सलाम, चाचा.

त्या दिवशी एवढं म्हणायचं राहिलं. मी "सलाम चाचा" म्हणायचं आणि तुम्ही "जोहार बाई" म्हणायचं, माझ्या तोंडी तुमचं आणि तुमच्या तोंडी माझं, ही आपली बारा वर्षांची सवय. पण त्या दिवशी तुमच्या घरून मी उठले ती काही न बोलता उठले. चाचीनं पुढं ठेवलेला चहा तसाच होता, वर साय धरत होती. चौथ्या दिवशी सकाळी चौकीदार नामदेवभाऊनं संग्रहालयाच्या फाटकावरच सांगितलं, "मैनाबाई, करीमचाचा गेला वो." माझ्या हातात पाण्यानं भरलेली बादली होती. ती खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

तुमच्यात बाया कब्रस्तानात जात नाहीत. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. तुम्हाला खांद्यावर घेऊन लोक माझ्यासमोरून गेले. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगू? रागावू नका. मला रडू येत नव्हतं. मला हत्ती दिसत होता. मनात सारखं येत होतं, आता हा बाहेर कसा निघेल? ज्याला माहीत होतं तो तर चालला.

आपला हत्ती. नदीकाठच्या गाळात सापडलेला, हाडांचा पार दगड झालेला, ज्याची जात आता जगात कुठंच उरली नाही तो. पाटीवर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. तुम्ही त्याला "बुढ्ढा" म्हणायचे. मी म्हणायची ही हत्तीण आहे, कारण तिच्या उभं राहण्यात एक थकवा आहे. तुम्ही म्हणायचे, "थकवा तो मैंने दिया उसको, मागचा पाय जरा आखूड पडला माह्या हातून." तो वादही तसाच राहिला.

त्याच्या पोटातून, मानेतून, पायांतून जाणारा लोखंडी सांगाडा तुम्ही बनवला. तुमचं काम कपाटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं. हत्ती तुम्ही आयुष्यात तो एकच बनवला. आणि तो हॉलमध्ये उभा राहिल्यावर तेव्हाच्या साहेबांनी दाराला मजबूत लोखंडी फाटक सांगितलं, चोरीच्या भीतीनं. तेही तुम्हीच बसवलं. फाटकाच्या चौकटीनं दार दोन्ही अंगांनी हातहातभर अरुंद झालं, वरून खाली आलं. बसवून झाल्यावर तुम्ही एकदा हत्तीकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"बाई, गडबड झाली वो. आधी जनावर आत घेतलं आन् मग कोठा बांधला."

मी खूप हसले होते तेव्हा. हत्तीला कुठं जायचं होतं?

आता जायचं होतं. छताचे पोपडे पडू लागले, मग एक दिवस हातभर तुकडा बाकावर पडला. नवे साहेब म्हणाले, इमारत धोक्याची आहे, सगळं सामान गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या इमारतीत न्यायचं. मूर्ती गेल्या, शिलालेख गेले, भाले-तलवारी गेल्या. हत्ती राहिला. सांगाडा एकसंध दिसत होता, कुठं जोड नाही, बोल्ट नाही, नुसता काळा रंग. साहेबांनीच मला तुमच्याकडं पाठवलं. म्हणाले, "तुमची ओळख आहे ना? विचारून या, हा सुटा कसा होतो."

तुम्ही खाटेवर उशा लावून बसले होते. नाकाला नळी होती. मी विचारलं. तुम्ही हसले. मग थांबून थांबून म्हणाले, "तुले... माहीत आहे."

मी म्हटलं, "चाचा, मस्करी नका करू. साहेब गॅसचा कटर आणतो म्हणून राह्यले. हाडं तडकतील."

तुम्ही परत तेच. "तुले माहीत आहे, बाई."

मी सातवीतून शाळा सोडलेली. माझ्या बानं डोक्यावर पेटी घेऊन मला आश्रमशाळेत पोचवलं होतं, दोन नाले ओलांडून, अहेरीच्या पुढच्या आमच्या गावाहून. तिथून मी निघून आले आणि घरी तोंड दाखवायला नको म्हणून मावशीच्या मागं इथं आले, आधी बांधकामावर, मग या झाडू-फडक्याच्या कामावर. साहेब लोकांत वावरताना सारखी धास्ती असते, की आता काही विचारतील आणि मला येणार नाही. अशा बाईला "तुले माहीत आहे" म्हटलं की तिला त्यात टोमणाच ऐकू येतो. तुम्ही माझ्या अडाणीपणावर हसले असं मला वाटलं. तुम्ही, ज्यांनी बारा वर्षांत कधी माझी टर उडवली नाही.

म्हणून मी उठले.

तुम्हाला आठवतं, पहिल्या आठवड्यात मी हाडांना हात लावत नव्हते? आमच्याकडे मेलेल्याला मातीत ठेवतात आणि मोठ्या माणसासाठी वर दगड उभा करतात. हाडं घरात कोणी आणत नाही. इथं तर हाडंच उभी करून ठेवणार होते आणि मी रोज ब्रशनं त्यांची धूळ काढायची होती. मी दाराशी झाडू धरून उभी राहायची. कोणी विचारलं नाही काऊन म्हणून. तुम्ही विचारलं. मी सांगितल्यावर तुम्ही हातातला पाना खाली ठेवला.

"आमच्यात बी मातीतच ठेवतात," तुम्ही म्हणाले. "मले बी पहिल्या दिवशी कसंतरीच झालं. मग मनात म्हटलं, याले कोनी पुरला नव्हता. एकटाच मेला, गाळात. आता इथी याले रोज कोनी ना कोनी पाहाले येईल. आन् तुमच्यात दगड उभा करतात नं? मग झालं. हा सोताच सोताचा दगड आहे."

दुसऱ्या दिवशी मी ब्रश उचलला. तेव्हापासून रोज, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पण एक गोष्ट मला पटली नव्हती. त्याचं तोंड मागच्या भिंतीकडं होतं. साहेबांचा हुकूम होता तसा, म्हणे उजेड चांगला पडतो. मी म्हटलं होतं, "चाचा, याचं तोंड दाराकडं पायजे होतं. बिचारा जन्मभर भिंत पाहील."

"दाराकडं केलं तर पळून जाईल नं वो!"

"जाऊ द्या नं."

"मग तू काय पुसशील?"

मी परत ब्रश उचलायची.

आणि तो कोंडल्याचा दिवस. हत्ती अर्धाच उभा होता, चारही पाय झाले होते, धड दोरखंडावर लटकत होतं. वैशाखातली दुपार. नामदेवभाऊनं आत कोणी नाही समजून कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेला, तो तिथंच झोपला. तुम्ही हाका मारल्या, मी दार बडवलं. मग दोघंही दमलो. पंखा नव्हता, वीज गेलेली. तुमच्या बाटलीत तळाशी थोडं पाणी होतं, ते तुम्ही आधी मला दिलं. मी रडायला लागले होते. बंद जागेत माझा जीव घाबरतो, आश्रमशाळेतही रात्री बाहेरून कडी लावायचे. तुम्ही हत्तीच्या पुढच्या दोन पायांमधल्या सावलीत फडकं अंथरलं आणि म्हणाले, "बैस. तुह्या बापाकडं बैलबंडी आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"पावसाळ्यात नाल्यावरून कशी नेते तो?"

मला समजलं नाही हे काय मधातच. पण तुम्ही विचारतच राहिले आणि मी सांगत गेले. बा बंडी सुटी करतो. कुठंच खिळा नाही, सगळ्या जोडांत लाकडाच्या पाचरी. जी पाचर शेवटी ठोकली ती पहिली काढायची, मग तिच्या आधीची, मग तिच्या आधीची. मधलीच ओढली तर सगळं डोक्यावर येतं. चाकं वेगळी, आस वेगळा, वर माल ठेवायचा साटा वेगळा, एकेक खांद्यावर घेऊन नाल्यापार. पाचरी एका फडक्यात बांधून बा कमरेला खोचतो, कारण बंडी हरवली तर चालेल, पाचरी हरवल्या तर बंडी लाकूडफाटाच होते, असं तो म्हणतो.

"लाकूड कोनतं?"

"तिवस."

"काऊन?"

"तुटत नाही, वाकतं. ठोकलं की बसतं, काढलं की निघतं."

तुम्ही बराच वेळ वर लटकलेल्या धडाकडं पाहत राहिले. मग कुलूप वाजलं, नामदेवभाऊ डोळे चोळत आत आला आणि तुम्ही त्याला अशा शिव्या दिल्या की मी रडता रडता हसले. मला वाटलं, माझी भीती जावी म्हणून तुम्ही मला बोलतं ठेवलं. तेवढ्यासाठीच मी तुमचे उपकार मानत होते इतकी वर्षं.

त्यानंतर मी गावी गेले, तेव्हा तुम्ही म्हणाले, "येताना तिवसाचा तुकडा आन, जुना, वाळलेला." मी मोडक्या जोखडाचा दांडा पिशवीत घालून आणला. हातोड्यांना दांडे करत असाल असं वाटलं. विचारलंही नाही.

चाचा, मी गाढव. रोज ज्या हाडांवरून हात फिरवला त्यांच्याखाली काय आहे ते मी पाहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर साहेब म्हणाले, "आता वाट कोणाची पाहायची? सोमवारी कटरवाला येईल." कटरवाला शुक्रवारीच पाहून गेला. त्यानं बरगड्यांवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "लोखंड कापतो मी. पन आच हाडाले लागली आन् ते फुटलं तर मले नाई बोलायचं." साहेबांनी मान डोलावली. मान डोलावणं सोपं होतं, त्यांनी कधी ती हाडं पुसली नव्हती. सांगाडा कापायचं म्हटलं की मला तुमचे हात कापल्यासारखे दिसत होते. आणि मी काही बोलू शकत नव्हते. मी ठेक्यावरची बाई. याच भीतीनं बारा वर्षांत तीनदाच गावी गेले, की सुटी घेतली तर दुसरी बाई लावतील. मी साहेबांना काय सांगणार होते? थांबा, मला माहीत आहे, असं गेलेला माणूस म्हणाला होता?

रविवारी संग्रहालय बंद असतं. मी नामदेवभाऊकडून किल्ली मागितली, म्हटलं शेवटचं पुसून घेते. तो म्हणाला, "उद्या तुकडे होनार, आज काय पुसतं?" पण दिली. मी त्याला सांगितलं, "कुलूप नका लावू बरं का." तो ओशाळला. बारा वर्षं झाली, पण ओशाळला.

मी डोक्यापासून सुरुवात केली, रोजच्यासारखी. कवटी, मान, खांदे, बरगड्या. शेपटीपाशी आले तेव्हा मला तो दिवस आठवला. हत्ती पुरा झाला त्या दिवशी साहेब लोक सुळ्यांपाशी फोटो काढत होते. तुम्हाला बोलावत होते, आणि तुम्ही पार मागं, शेपटीशी वाकलेले. "येतो, येतो, शेवटचं ठोकून घेतो." लाकडी मोगरीचा ठप ठप आवाज आला होता. लोखंडावर लोखंडाचा आवाज तसा येत नाही, चाचा. मी तो आवाज लहानपणापासून ओळखते. ओळखूनही ओळखला नाही.

मी वाकले. शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला, एक बोटभर चौकोनी टोक होतं. काळा रंग चढवलेलं. इतकी वर्षं त्याच्यावरून फडकं फिरवत होते. नखानं खरवडलं. रंगाखाली लाकूड होतं. तांबूस, बारीक दोऱ्यांचं. आमच्या मोडक्या जोखडाचं.

मी तिथंच फरशीवर बसले.

मग मोगरी शोधली. उलट्या बाजूनं एक, दोन, तीन ठोके. पाचर माझ्या तळहातावर येऊन पडली आणि शेपूट अख्खीच्या अख्खी हातात आली, आपल्या लोखंडी पन्हाळीत बसलेली, एक मणका न हलता. शेपूट निघाली तेव्हा तिच्यामागं दुसऱ्या पाचरीचं टोक दिसलं. तुम्ही असंच करून ठेवलं होतं. एक काढल्याशिवाय दुसरी दिसत नव्हती. मी दुसरीला हात लावला नाही. पळत जाऊन नामदेवभाऊच्या फोनवरून साहेबांना फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही. साहेब म्हणाले, "मैनाबाई, हळू बोला, काही कळत नाही." पण आले.

सोमवारी कटरवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

आठ दिवस लागले. चार मजूर उचलायला, आणि पुढची पाचर कुठं असेल ते सांगायला मी. प्रत्येक पाचरीच्या आधी वाटायचं, इथं माझी चूक होणार, हे धड कोणाच्या तरी अंगावर येणार. पण बंडीचंच होतं सगळं. बरगड्या साट्यासारख्या. पाठीचा कणा आसासारखा. पाय शेवटी, कारण बाही चाकं शेवटी काढायचा, बंडी तोवर उभी राहावी म्हणून. सगळ्या पाचरी मी फडक्यात बांधून कमरेला खोचत होते. मजूर हसायचे, "बाई, कमरेले सोनं बांधलं का?" मी म्हटलं, तसंच समजा.

आता हे सांगते ते नीट ऐका. हे बरोबर नाही केलं तुम्ही.

त्या दिवशी खाटेवर तुम्हाला दम पुरत नव्हता, हे मला आता समजतं. दोन श्वासांत जेवढं बसेल तेवढं तुम्ही सांगितलं. टोमणा नव्हता तो. माझ्याकडंच उत्तर होतं आणि तुम्ही ते माझ्या हातात परत देत होते. पण त्याआधी बारा वर्षं तुम्हाला दम होता ना? तेव्हाच्या साहेबांनी "पक्कं वेल्डिंग करा" म्हटलं होतं, तुम्ही त्यांना न सांगता पाचरी घातल्या, म्हणून रंगाखाली लपवलं, हे चाचीनं मला मागाहून सांगितलं. ठीक. पण मला सांगायला काय झालं होतं? मी विचारायची, हा कधी निघेल का हो? तुम्ही हसायचे, "वेळ आली की सांगीन." वेळ आली आणि तुमच्याकडं श्वास नव्हता. मी शेपटीपाशी वाकले नसते तर? तुमचा भरवसा माझ्यावर, आणि पणाला लावलं हत्तीला. इतका भरवसा माझ्यावर कोणी ठेवला नव्हता, हे खरं. त्याचे उपकार मी कसे फेडू ते मला समजत नाही. तरी भांडण माझं कायम आहे.

म्हणून मी तसं केलं नाही. वही आणली. कोणत्या हाडानंतर कोणती पाचर, कोणत्या बाजूनं ठोकायची, सगळं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. साहेबांनी वाचून पाहिलं, एक अक्षर बदललं नाही, म्हणाले, "याच्या नकला काढू." एक नक्कल प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. आता हे एकट्या कोणाच्या छातीत कोंडून राहणार नाही.

हत्ती भाताचं तणस भरलेल्या पेट्यांतून, तुमच्या त्या अरुंद फाटकातून निघाला. कवटी आडवी करून काढावी लागली, दोन्ही अंगांना बोटबोटभर जागा. हॉलमध्ये आता चार पायांच्या चार जागा फरशीवर फिक्या दिसतात. मी अजून तो हॉल झाडते. आवाज घुमतो. बाहेर जायचं दार उघडं असूनही दुपारी वाटतं, जणू हत्ती गेला आणि आतमध्ये मीच तेवढी राहिले.

एक पाचर फुटली, चाचा. शेपटीखालचीच, पहिली. पेटीत ठेवताना उभी चिरली. साहेब म्हणाले, लोखंडाची करून घेऊ. मी म्हटलं, "नाही." साहेबांपुढं हा शब्द मी पहिल्यांदा काढला. "लोखंड गंजून धरून बसेल, मग पुढच्या वेळी निघणार नाही. तिवस पायजे, जुना, वाळलेला. आमच्या घरामागं बाची बंडी पडून आहे. नाल्यावर पूल झाला, आता ती कोणी जोडत नाही."

"किती दिवस लागतील?"

"आठ दिवस. तोवर कोणी दुसरी बाई..."

"दुसरी बाई कशाला? तुमच्याशिवाय तो उभा कोण करणार? वहीत वाचून एकदा तुमच्यादेखत करू, मग बघू." मग त्यांनी विचारलं, नव्या हॉलमध्ये त्याचं तोंड कुठं करायचं.

मी काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे.

आज चाचीकडं जाऊन आले. चहा घेतला, दोन कप. एक त्या दिवशीचा. चाचीनं दुसरा कप न विचारता पुढं केला.

उद्या सकाळच्या अहेरीच्या गाडीनं निघते आहे. बाला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. शाळा पुरी केली नाही, यावर तो अजून बोललेला नाही आणि मीही नाही. पण त्याची बंडी एका हत्तीच्या पोटात बारा वर्षं उभी होती, हे मी त्याला सांगीन. तो विश्वास ठेवणार नाही. मग मी कमरेची ती चिरलेली पाचर काढून त्याच्या हातात देईन. लाकूड तो ओळखतो.

सलाम, चाचा. गावात शिरले की झाडाखाली बसलेले सगळेच म्हणतील, जोहार बाई. त्यातला एक मी तुमचा धरीन.